नव्या शिक्षकांच्या हाती समावेशक वर्ग सोपवताना

प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या प्राथमिक विभागात यंदा चार नवे शिक्षक रुजू झाले आहेत. वर्गांचा पट चाळीसच्या वर. एका वर्गात श्रवणयंत्र लावणारी मुलगी आहे, दुसऱ्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेला मुलगा. प्रत्येक वर्गात वाचता न येणारी पाच-सहा मुलं आणि जागेवर न टिकणारी एक-दोन आहेतच. शिक्षकांनी डी.एल.एड. या शिक्षक पदविकेला समावेशक शिक्षण, म्हणजे अशा सगळ्या मुलांना एकाच वर्गात शिकवणं, अभ्यासलं आहे, पण फळ्यासमोर उभं राहिल्यावर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. महिनाभरातच ते खचले आहेत. पर्यवेक्षिका ताई विचारतात, त्यांना मदत कशी करू?

ताई, आधी त्यांच्या मनातलं एक गणित मोडून काढा. नव्या शिक्षकाला वाटतं की समावेशक वर्ग म्हणजे ३६ मुलांना एक धडा आणि उरलेल्या सहा जणांना सहा वेगळे धडे. पस्तीस मिनिटांच्या तासात हे कुणालाच जमत नाही. दोन आठवडे तो जिवाचं रान करतो, तिसऱ्या आठवड्यात त्या सहा जणांना मागच्या बाकावर चित्र रंगवायला बसवतो आणि स्वतःलाच दोष देत राहतो. कष्टात तो कमी पडलेला नसतो, त्याचा आराखडाच चुकलेला असतो. धडा सगळ्यांना एकच ठेवायचा आणि त्यात शिरायच्या वाटा वाढवायच्या. तुमची सगळी मदत या एका गोष्टीभोवती असू द्या.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक तास त्यांच्यासोबत बसून आखा. तिसरीचं गणित घ्या, हातच्याची वजाबाकी, ४३ वजा १८. नेहमीच्या पद्धतीत शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवतात, मुलं उतरवून घेतात आणि मग तशीच दहा उदाहरणं होतात. यात मुलं तीन ठिकाणी गळतात. पहिली गळती संख्या ऐकतानाच होते. 'त्रेचाळीस' म्हणताना तीन आधी कानावर येतात आणि चाळीस नंतर, म्हणून मूल ३४ लिहून बसतं. दुसरी गळती हातच्याला होते. दशक मोडला की दहा सुटे मिळतात हे त्याने हाताने कधी केलेलंच नसतं, त्यामुळे 'तिनातून आठ जात नाहीत' हे ऐकल्यावर ते सरळ आठातून तीन वजा करतं आणि उत्तर ३५ आणतं. तिसरी गळती उतरवून घेताना: आठ एककाखाली न येता दशकाखाली जातो. वहीत तिन्ही मुलांना सारखीच लाल फुली मिळते, पण आजार तीन वेगळे आहेत. नव्या शिक्षकाला ही तीन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून दाखवा. चूक वाचायला शिकला की त्याची निम्मी भीती जाते.

आता तोच तास नव्याने आखा. चार मुलांत काड्यांचा एक संच: दहा-दहाच्या नऊ गड्ड्या आणि दहा सुट्या, म्हणजे शंभर काड्या. ४२ च्या पटाला अकरा संच पुरतात. खराट्याच्या काड्या कापून रबर लावलं तरी काम होतं. ज्याची बोटं रबर काढू शकत नाहीत त्याच्या गटाला गड्ड्यांऐवजी दहा काड्या भरलेले कागदी पेले द्या. पेला उपडा केला की दशक मोडला. पहिली आठ मिनिटं फक्त काड्या. शिक्षकाने 'त्रेचाळीस, म्हणजे चाळीस तीन' असं दोन्ही प्रकारे म्हणायचं आणि ४३ चं कार्ड वर धरायचं. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद काहीही असो, अडणाऱ्या मुलाला जोडीचा आधार म्हणून ही रीत फार उपयोगी पडते. 'त्रेचाळीस' मात्र सोडायचं नाही, कारण बाजारात आणि घरी तेच ऐकू येणार.) मग म्हणायचं, 'यातल्या अठरा मला द्या.' इथे शिक्षकाने गप्प राहायचं. एखादा गट गड्डी सोडेपर्यंत थांबायचं, घाईने सांगून टाकायचं नाही.

पुढची सात मिनिटं फळ्यावर: दशकाला उभी रेघ, एककाला ठिपका, एक रेघ खोडून दहा ठिपके आणि त्याच्या बाजूलाच अंकांतली मांडणी. मग तेरा मिनिटं सराव. फळ्यावर तीन ओळी, प्रत्येकीत चार उदाहरणं. पहिल्या ओळीत काड्या घेऊन करायची, दुसऱ्या ओळीत अंकांत मांडायची, तिसऱ्या ओळीत शाब्दिक उदाहरणं आणि एक मुद्दाम चुकीचं सोडवलेलं: '४३ वजा १८ बरोबर ३५, कुठे चुकलं?' ओळींना नावं द्यायची नाहीत. 'हुशारांची' आणि 'कच्च्यांची' हे शब्द तर वर्गात येताच कामा नयेत. मुलाने ओळ स्वतः निवडावी, चार झाली की पुढच्या ओळीत जावं. उरलेली पाच-सात मिनिटं सगळ्यांना एकच प्रश्न: 'गड्डी का सोडावी लागली?' कोणी बोलून सांगेल, कोणी काड्यांनी करून दाखवेल, कोणी चित्र काढेल, कोणी लिहील. चारही उत्तरं पूर्ण धरायची.

सरावाच्या वेळी नवे शिक्षक हमखास एक चूक करतात. मनापासून मदत करायची म्हणून थेट सर्वांत अडणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसतात. मग इकडे वीस हात वर, गोंगाट, आणि त्या मुलाकडेही धड लक्ष नाही. त्याऐवजी पहिली तीन मिनिटं पूर्ण वर्गातून एक चक्कर मारायची, प्रत्येकाने निदान पहिलं उदाहरण मांडलंय ना एवढंच बघायचं आणि मगच चार-पाच मुलांसोबत बसायचं.

टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी तयारीत, यासाठी एकच रकाना वाढवायला सांगा: 'कुठे अडेल?' त्यात तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. या तासात मुलाला काय ऐकून करावं लागणार, काय वाचून, आणि काय लिहून? प्रत्येकासमोर दुसरी एक वाट. तोंडी सूचना असेल तिथे फळ्यावर तीन शब्दांत तीच सूचना. उतारा असेल तिथे जोडीने वाचन. लिहायचं असेल तिथे बोलून किंवा चित्र दाखवून उत्तर. याला दहा मिनिटं लागतात. पहिले तीन आठवडे फक्त एका विषयासाठी करू द्या. पहिल्या दिवसापासून सगळ्या विषयांचा आग्रह धरलात तर रकाना भरला जाईल आणि वर्गात काहीच बदलणार नाही.

तुमच्या निरीक्षणाची पद्धतही बदला. निरीक्षण पत्रकात 'शैक्षणिक साहित्याचा वापर: समाधानकारक' लिहून नव्या माणसाला काहीच मिळत नाही. एका कागदावर बाकांचा नकाशा काढा. शिक्षक ज्या मुलाला प्रश्न विचारतील, ज्याच्या वहीत डोकावतील, ज्याचं नाव घेऊन कौतुक करतील, त्याच्या चौकोनात एक रेघ. नुसतं रागावले तर एक फुली. पंधरा-वीस मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. पुढचे दोन बाक आणि मधली रांग रेघांनी भरलेली, खिडकीकडचा कोपरा कोरा आणि एका चौकोनात सहा फुल्या. हा कागद शिक्षकापुढे ठेवा आणि काही बोलू नका. तो स्वतःच म्हणेल की अमक्याला मी आज एकदाही विचारलं नाही. मग ठरवायची एकच गोष्ट, उद्यासाठी, आणि पाच दिवसांनी पुन्हा नकाशा. हे तुम्हा दोघांतच राहायला हवं. गोपनीय अहवालाशी त्याचा संबंध जोडलात, तर तुम्ही वर्गात आल्यावर शिक्षक नाटक करू लागेल.

बसण्याच्या जागेबद्दल. 'अडचण असलेलं मूल पहिल्या बाकावर' हा नियम सगळ्यांना लागू करू नका. श्रवणयंत्र लावणारी मुलगी पहिल्या बाकावर बसली तर मान वर करून शिक्षकाकडे बघते आणि पाठीमागून उत्तर देणारी मुलं तिला दिसतच नाहीत. दुसऱ्या बाकावर, कडेला, चांगला कान वर्गाच्या बाजूला आणि डोक्यावर पंखा नाही, ही तिची जागा. जागेवर न टिकणाऱ्याला दाराजवळचा पहिला बाक तर अजिबात नको. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याचं लक्ष नेतो. त्याला भिंतीकडचा दुसरा किंवा तिसरा बाक, शेजारी शांत मूल, आणि उठून जायला मोकळी कड. कमी दिसणाऱ्या मुलाला पुढे बसवा, पण खिडकीचा उजेड फळ्यावर चमकत असेल तर पुढे बसूनही त्याला दिसत नाही. शिक्षकाने त्या मुलाच्या जागी खाली बसून, डोळे मुलाच्या उंचीवर आणून फळा बघावा, लगेच कळतं.

फळ्याचं माप ठरवून द्या. सहा मीटरवरून सामान्य नजरेला जेमतेम वाचता येईल असं अक्षर साधारण ९ मिलिमीटर उंच असतं. ६/१८ नजर असलेल्या मुलाला (इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून दिसतं) तेच २६ मिलिमीटर लागतं आणि तेही जेमतेम. म्हणून शेवटच्या बाकापर्यंत आरामात वाचता यावं यासाठी शिरोरेषेपासून खाली ५ सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं आडवी ठेवली तर तेवढं अक्षर. देवनागरीत आणखी एक अडचण आहे: वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, म्हणून दोन ओळींत अक्षराइतकीच जागा मोकळी सोडायची. अशाने एका वेळी सहा-सात ओळीच मावतील. तेवढ्याच पुरे. पावसाळ्यात खिडक्या बंद आणि बाहेर अंधार असतो तेव्हा फळ्यावरचा दिवा आधी लावा. छापील कागद देताना देवनागरी १८ ते २० टाइपात, दीडपट ओळ सोडून. इंग्रजीला चालणारा १२ चा टाइप मराठीत मात्रा-अनुस्वार गिळतो.

श्रवणयंत्राबद्दल थोडं खोलात जातो, कारण इथे सगळे समजतात की यंत्र लावलं म्हणजे ऐकू आलं. यंत्र शिक्षकाचा आवाज वाढवतं तसा पंख्याचा, बाक सरकवल्याचा आणि रस्त्यावरच्या रिक्षांचाही वाढवतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून सूचना देताना एक-दीड मीटरच्या आत उभं राहणं हा सर्वांत स्वस्त उपाय. रोज परिपाठानंतर एक मिनिटाची तपासणी करायला शिकवा. यंत्र काढून ओंजळीत झाकलं की बहुतेक यंत्रं शिट्टी देतात. शिट्टी नाही तर आधी सेल बघायचा. मग यंत्र मुलीच्या कानाला लावून, तिच्या मागे मीटरभरावर उभं राहून, तोंडासमोर कागद धरून सहा ध्वनी म्हणायचे: आ, ई, ऊ, म, श, स. मध्ये कमी-जास्त वेळ थांबायचं, म्हणजे ती ठेक्यावरून अंदाज बांधणार नाही. तिने प्रत्येक ध्वनी परत म्हणायचा. काल 'स' म्हणत होती आणि आज नाही, तर यंत्रात, कानात बसणाऱ्या साच्यात किंवा कानात काहीतरी बिघडलंय. कानात मळ किंवा सर्दीने पाणी साठणंही असू शकतं. त्याच दिवशी घरी कळवायचं.

बटणासारखे झिंक-एअर सेल असतील तर ते हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवायचे. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. वापराप्रमाणे असा सेल आठवडा-दोन आठवडे टिकतो. जोडीचा एक सेल शिक्षकाच्या खणात हवा. ठाण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब अडकतो आणि आवाज येईनासा होतो, सेल नवा असला तरी. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला आईला सांगा.

बोलताना फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. लिहायचं, वळायचं, मग बोलायचं. ओरडून बोललं की ओठांची ठेवण बिघडते, म्हणून आवाज नेहमीचाच हवा. दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं की शिक्षकाने ते तिच्याकडे बघून पुन्हा म्हणायचं. आणि श्रुतलेखन! 'पान', 'मान' आणि 'बाण' ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. सुटे शब्द सांगितले तर ती शुद्धलेखनात नाही, ओठ वाचण्यात नापास होते. 'झाडाचं पान', 'मान हलवली' असं जोडून सांगा.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणा. इयत्ता बदलली की वर्ग वरच्या मजल्यावर जातो आणि आई रोज मुलाला उचलून जिना चढते, हे जूनच्या आधीच थांबवा. रॅम्प १ ला १२ या उताराचा लागतो, म्हणजे ३० सेंटीमीटर चौथऱ्याला ३.६ मीटर लांबी. पायरीवर फळी टाकून काम भागत नाही, खुर्ची मागे उलटते. वर्गात आधी पाय बघा. पाय लोंबकळत असतील तर सगळं अंग स्वतःला सावरण्यात गुंततं आणि हात लिहायला मोकळा राहत नाही. पायाखाली घरातला लाकडी पाट ठेवा, गुडघे आणि कंबर काटकोनात, बाकाची उंची कोपराएवढी. वही चिकटपट्टीने बाकाला लावा. पेन्सिलीला स्पंज गुंडाळा. आणि लिहिणं व समजणं वेगळं मोजा: दहा प्रश्नांतले तीन लिहून, सात बोलून किंवा बोट दाखवून. तो बोलायला वेळ घेतो तेव्हा त्याचं वाक्य शिक्षकाने पुरं करायचं नाही, मुलांनाही करू द्यायचं नाही.

मदतनीस मुलांबद्दल इथेच सांगतो. वर्गातली समंजस मुलगी निवडून वर्षभर 'तू याला सांभाळ' असं करू नका. तिचा अभ्यास बुडतो आणि ती त्याची वही स्वतःच लिहू लागते. दर सोमवारी जोडी बदला आणि मदतीचा नियम एकच: बोट दाखवायचं, हात लावायचा नाही.

वाचता न येणाऱ्या मुलांबाबत नवे शिक्षक दोन टोकांना जातात. एक तर 'आळशी', नाहीतर थेट 'डिसलेक्सिया' (वाचन-अक्षमता). दोन्ही शब्द त्यांनी वापरू नयेत. क्रमाने बघायचं: दिसतं का, ऐकू येतं का, हजेरी किती, घरची भाषा कोणती. कळवा, दिघा, वागळे इस्टेट भागात घरी हिंदी, भोजपुरी किंवा कन्नड बोलणारी मुलं मराठी माध्यमात असतात. अशा मुलाला तीच गोष्ट घरच्या भाषेत सांगायला सांगा. तो रंगवून सांगत असेल, तर अडथळा भाषेचा आहे; त्याला मराठी बोलण्याचा भरपूर सराव हवा, निदान नको.

उरलेल्यांसाठी देवनागरीच्या अडचणी नेमक्या ओळखाव्यात. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य या जोड्या एकाच दिवशी शिकवल्या की गोंधळ पक्का होतो. एक पक्कं झाल्यावर दुसरं, मध्ये निदान दोन आठवडे. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर, म्हणून 'कि' मूल 'इक' वाचतं. 'सूर्य' मधला रफार तर य च्या डोक्यावर बसतो आणि ऐकू येतो य च्या आधी. अशा अक्षरांना दोन रंग वापरा: व्यंजन निळं, मात्रा लाल, कार्डं वेगवेगळी, आणि मुलाने हाताने सरकवून जोडायची. रोज पंधरा मिनिटं, अक्षर, शब्द, वाक्य, उतारा अशा पातळीप्रमाणे गट करून आणि पूर्ण वर्गाचेच गट करून, म्हणजे कुणाचा 'वेगळा वर्ग' होत नाही. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलेला जादा तास मुलाला शिक्षाच वाटते. ओळीने उभं करून मोठ्याने वाचायला लावणं बंद करा. अडणारं मूल तेव्हा वाचत नसतं, आपली पाळी कितव्या ओळीवर येणार हे मोजत असतं.

जागेवर न टिकणाऱ्या मुलासाठी पाच दिवस एक छोटी नोंद ठेवायला सांगा: वेळ काय होती, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. बहुतेक वेळा एक धागा सापडतो. फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम आलं की तो उठतो, किंवा मधल्या सुट्टीआधीच्या तासाला, कारण सकाळी सहाला घर सोडून त्याने काही खाल्लेलं नसतं. लिहिणं टाळण्यासाठी तो दंगा करत असेल आणि शिक्षक त्याला वर्गाबाहेर काढत असतील, तर त्याला हवं तेच मिळतंय. उद्या तो आणखी लवकर दंगा करेल. काम लहान करा: दहा ओळींऐवजी तीन, दाखव, मग पुढच्या तीन. मध्ये फळा पुसणं, वह्या वाटणं असं उठायचं काम त्याला हक्काने द्या. कायद्याचंही त्यांना स्पष्ट सांगा: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत, आणि वर्गासमोर अपमान करणं दुसऱ्यात मोडतं.

बदल सहन न होणाऱ्या, आवाजाला घाबरणाऱ्या स्वमग्न मुलाला दिवसाचं चित्ररूप वेळापत्रक लागतं. तुमची शाळा सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरत असेल तर भिंतीवर लावलेलं दुपारी कोणीतरी काढून टाकतं; जाड पुठ्ठ्याची घडी करून शिक्षकाने सोबत न्यावी. झालेल्या तासाचं चित्र मुलानेच उलटवायचं. दहीहंडी-गणपतीच्या दिवसांत शाळेबाहेर ढोल-ताशांचा सराव चालतो, तेव्हा कान झाकायला हेडफोन आणि जाऊन बसायला एक शांत जागा आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी शोधू नका.

फिट येणारं मूल असेल तर वर्गशिक्षकासोबत शेजारच्या वर्गाच्या शिक्षकालाही क्रम पाठ हवा. घड्याळ बघायचं. आजूबाजूचे बाक सरकवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांच्या वर गेलं, श्वास अडखळला किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८.

कागदपत्रांचं आता भराभर सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली) त्यात येतात. वर्गातल्या मदतीला प्रमाणपत्र लागत नाही, ती आजच सुरू करता येते. परीक्षेतल्या सवलती आणि योजनांसाठी मात्र ते लागतं, आणि दहावीला लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळवायच्या तर धावपळ नववीत सुरू करणं उशिराचं ठरतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या साधन केंद्राचे विशेष शिक्षक येतात तेव्हा त्यांना मूल घेऊन बाहेर जायला सांगण्यापेक्षा वर्गात सोबत शिकवायला सांगा. मूल न्यावंच लागलं तर चित्रकला किंवा खेळाच्या तासाला नेऊ नका. त्याच्या आठवड्यातला तोच तास आनंदाचा असतो. तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा नावांची यादी तयार ठेवा. नवी मुंबईच्या बाजूला राहणाऱ्या पालकांना वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आणि खारघरची बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची शाखा, तर श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, ही नावं शिक्षकाच्या वहीत असू द्यात.

अडणाऱ्या मुलाचा वैयक्तिक आराखडा एका पानाचा हवा, उद्दिष्टं तीनच. 'वाचन सुधारणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'सप्टेंबरअखेर काना आणि वेलांटी असलेल्या २० दोन अक्षरी शब्दांपैकी १६ मदतीशिवाय वाचेल' हे उद्दिष्ट, कारण ते १ ऑक्टोबरला मोजता येतं.

पालकांना सकाळी अकराला बोलावलं तर बरेचसे येणार नाहीत. दोघंही लोकल पकडून कामाला गेलेले असतात. शनिवारी किंवा संध्याकाळी फोनवर बोला. पहिलं वाक्य मूल काय करू शकतं याचं, दुसरं काय दिसलं याचं, तिसरं आपण शाळेत काय सुरू केलंय याचं. 'आई, तो गोष्ट ऐकून छान सांगतो. फळ्यावरून लिहिताना मात्र ओळी सुटतात. आम्ही त्याला छापील कागद देतोय, तुम्ही एकदा डोळे तपासून घ्याल का?' निदानाचा शब्द शिक्षकाच्या तोंडून येता कामा नये, आणि मुलाबद्दल एक अक्षरही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नये.

सहाव्या आठवड्यात पहिला आणि ताजा नकाशा शेजारी ठेवून शिक्षकासोबत अर्धा तास बसा. चौकोन भरले नसतील तर नवं काही सांगू नका, 'कुठे अडेल?' चा रकाना पुन्हा एका विषयापुरता करा आणि चारपैकी ज्या शिक्षकाला जमतंय त्याचा एक तास बाकीच्या तिघांना बघू द्या, त्यांच्या वर्गावर तोवर तुम्ही उभ्या राहा. आणि एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाचं एक पान पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या, दोघांना समोरासमोर बसवून: कुठे बसतो, कशाने अडतो, काय केलं की चालतं, पाट कोणत्या खोलीत ठेवलाय, सेल कोणत्या नंबरचा लागतो.